गुरं, धाकटं भावंड आणि बाराखडी

मूल शाळेत आलं नाही की आपल्याकडे दोन कारणं तयार असतात. एक तर पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, नाही तर मुलालाच गोडी नाही. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर १९५७ साली बिऱ्हाड हलवून आलेल्या दोन बायकांना तिसरंच कारण दिसलं. तिथल्या वारली आदिवासींचं मूल शाळेत येत नव्हतं, कारण ते कामावर होतं. सात-आठ वर्षांचा मुलगा सकाळी गुरं घेऊन कुरणात जायचा तो दिवस कलताना परतायचा. त्याच वयाची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरात थांबायची, कारण आईबाप मजुरीवर गेलेले. शाळेची वेळ आणि गुरांची वेळ एकच. आता वेळ बदलायची कोणी, शाळेनं की गुरांनी?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळेला बदलायला लावलं. गुराख्यांच्या मागोमाग शिक्षक कुरणात गेले, फळा झाडाला टेकला, आणि गुरं चरत असताना शाळा भरू लागली. तिचं नाव कुरणशाळा. टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात मांडली. कडेवरचं पोर पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि त्यांना सांभाळणारी ताई पहिलीच्या वर्गात. या जोडणीला त्या विकासवाडी म्हणत. आज वाचताना हे अगदी साधं वाटतं. पण मुलीच्या कडेवरचं ओझं हा शिक्षणाचा प्रश्न आहे, हे ओळखायला आधी तिच्या घरी जाऊन बसावं लागतं.

मुलांना वाचायला आणि विचार करायला कसं शिकवावं यावर हल्ली उदंड बोललं जातं. पालकांसाठी कार्यशाळा असतात, कार्डं असतात, अ‍ॅप असतात. मला मात्र या विषयाची सुरुवात डहाणूच्या त्या टेकडीवरून करावीशी वाटते, कारण तिथं अक्षराच्या अलीकडे काय काय असावं लागतं याचा हिशेब फार आधी मांडला गेला होता.

ताराबाईंचा जन्म १८९२चा. राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. या सगळ्यामागची प्रेरणा मारिया मॉंटेसरी यांची. गंमत अशी, की मॉंटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं ते सान लोरेन्झो नावाच्या गरीब कामगारांच्या वस्तीत. आणि आपल्याकडे ‘मॉंटेसरी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती पांढरे मोजे घातलेली शहरी मुलं. साधनंही महागडी: गुलाबी मनोरा, दंडगोल ठोकळे, वाळूच्या कागदातून कापलेली अक्षरं. खेड्यातल्या बालवाडीला हे परवडणार कसं, हा प्रश्न ताराबाईंना दादरमध्येच टोचू लागला होता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या उठल्या आणि डहाणूजवळ समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. २४ डिसेंबर १९४५ रोजी तिथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

सोबत अनुताई होत्या. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. पुढे शिकून शिक्षिका झाल्या, बोरिवलीच्या शिबिरात ताराबाई भेटल्या आणि १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत अनुताई याच मुलखात राहिल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं आत्मकथन ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचावं.

१९४५ हे साल या भागाच्या आठवणीत वेगळ्याच कारणानं कोरलेलं आहे. त्या वर्षी मे महिन्यात तलासरीकडच्या झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगार करायची नाही असं ठरलं. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेचा तो लढा. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण मारले गेले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोनं आयुष्यभर सावकाराकडे राबायचं, अशा ‘लग्नगडी’ पद्धतीचा तो काळ. वहीत काय लिहिलंय ते सावकारालाच ठाऊक, खाली अंगठा वारल्याचा. वाचता न येण्याची किंमत इथं जमिनीत आणि अंगमेहनतीत मोजली गेली आहे. गोळीबारानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, फार दूर नसलेल्या बोर्डीत, लहान मुलं शिंपले मोजायला बसली. या दोन घटना सहसा वेगवेगळ्या पुस्तकांत भेटतात. मला त्या एकाच वर्षात शेजारी शेजारी दिसतात.

बोर्डीला साधनांचा प्रश्न समुद्रानं सोडवला. शंख, शिंपले, गारगोट्या, बिया, पानं, फुलं, माती. मॉंटेसरींच्या ठोकळ्यांचं काम काय, तर मुलाला लहान-मोठं, जाड-बारीक, खरखरीत-गुळगुळीत यांतला फरक हातानं आणि डोळ्यानं कळावा. ते काम शिंपल्यांनीही होतं, उलट जास्त चांगलं होतं, कारण दोन शिंपले कधी हुबेहूब सारखे नसतात. दुसरी अडचण माणसांची. दलित वस्तीतली मुलं केंद्रावर येईनात. मग केंद्रच त्यांच्या अंगणात भरू लागलं. त्या अंगणातल्या बालवाडीची अंगणवाडी झाली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. तमिळनाडूपासून आसामपर्यंत सगळीकडे हा मराठी शब्द चालतो, आणि तो बोर्डीच्या वाळूतून निघाला हे पुष्कळ मराठी माणसांनाही माहीत नसतं.

आता शिंपले निवडण्याचा आणि वाचनाचा संबंध काय? तो आहे, आणि जवळचा आहे. बकरी डावीकडे तोंड करून उभी राहिली काय नि उजवीकडे, ती बकरीच. लोटा पालथा घातला तरी लोटाच. जन्मल्यापासून पाच-सहा वर्षं डोळ्यानं हेच शिकलेलं असतं, की वस्तूची बाजू बदलली, तिला काही चिकटलं, तरी वस्तू बदलत नाही. अक्षरांच्या राज्यात हा नियम एकाएकी मोडतो. ‘घ’ला माथ्यावर जरा मोकळीक दिली की ‘ध’ होतो. ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ब’ आणि ‘व’ यांच्यातला फरक म्हणजे एक गाठ किंवा एक रेघ. आपण त्या फरकाला सरावलेले आहोत म्हणून तो आपल्याला ठळक दिसतो. ज्या मुलानं पानांच्या कडा पाहून पानं वेगळी केली आहेत, बियांच्या राशी लावल्या आहेत, त्याला बारीक फरकाकडे बघायची सवय असते. ती सवय पुरेशी नसते, पण तिच्यावाचून पुढचं अडतं.

त्यात आपल्या लिपीचे स्वतःचे चाळे. ‘दिवा’ म्हणताना ‘द’ आधी येतो, लिहिताना वेलांटी आधी. ‘र’ तर बहुरूपी: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटात, ‘ट्रक’मध्ये पायाशी. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च एकच दिसतात, ऐकू मात्र वेगळे येतात. चौतीस व्यंजनं बाराखडीत गुणली तर चारशेच्या वर रूपं होतात. अर्थात ही सगळी पाठ करावी लागत नाहीत. काना एकदा उमगला की तो कुठल्याही व्यंजनाला लावता येतो, आणि इंग्रजीच्या मानानं मराठीचा लेखी-बोली हिशेब बराच सरळ आहे. अडचण शिकवण्याच्या क्रमात होते. आधी सगळी मुळाक्षरं, मग काना, मग वेलांट्या, असं शिकवत गेलं तर कित्येक महिने मुलाच्या हाती अर्थ असलेलं एक वाक्यही पडत नाही. म्हणून थोडी व्यंजनं आणि त्यांच्यासोबतच दोन-तीन स्वरचिन्हं असा गट आधी घ्यायचा आणि त्यातून लगेच खरे शब्द, खरी वाक्यं बनवायची, ही अक्षरगटांची रीत अधिक शहाणपणाची. ‘मामा’, ‘काका’, ‘काम’, ‘मका’ इतक्या पुंजीवरही मुलाला काही तरी सांगता येतं.

अक्षर जोडता आलं म्हणजे वाचन आलं का? फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली याचं एक सुटसुटीत गणित मांडलं. वाचन म्हणजे अक्षर फोडून शब्द उच्चारण्याचं कौशल्य गुणिले भाषेची समज. इथं बेरीज नाही, गुणाकार आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. उर्दू लिपी न येणारा माणूस उर्दू कितीही समजो, त्याला उर्दू वाचता येत नाही. आणि देवनागरी वाचणारा मराठी माणूस नेपाळी पानं घडाघडा वाचू शकतो, कळत काही नाही.

डहाणू-तलासरीतल्या पाड्यावरच्या मुलाची गाठ या दुसऱ्या शून्याशी पडते. घरी वारली बोली, शेजारच्या पाड्यावर कोकणा, बाजारात गुजराती मिसळलेली भाषा, पुस्तकात पुण्याची मराठी. वारली मराठीला जवळची आहे, आणि नेमकी तिथंच फसगत होते. मुलाची भाषा अगदी परकी असती तर गुरुजी सावध राहिले असते, दुभाषा शोधला असता. जवळची असल्यामुळे ती ‘अशुद्ध मराठी’ वाटते आणि दुरुस्त केली जाते. चार वेळा दुरुस्त झालेलं मूल पाचव्यांदा तोंडच उघडत नाही. मग शेरा पडतो, ‘मूल अबोल आहे’. तेच मूल संध्याकाळी पाड्यावर भेटलं, तर कुठल्या ओहोळाला किती पाणी आहे आणि कालच्या लग्नात कोण कोण भांडलं हे सगळं तिखटमीठ लावून सांगतं.

समज म्हणजे केवळ शब्दार्थ नव्हे, त्यात जग माहीत असणंही येतं. अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात हुशार, काही कच्ची. काहींना बेसबॉल ठाऊक, काहींना नाही. वाचनात कच्च्या पण खेळ जाणणाऱ्या मुलांनी, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्यांना समजुतीत मागं टाकलं. आपल्या वाचनचाचण्यांत फलाट, लिफ्ट, वाढदिवसाचा केक असे उतारे येतात. एकदा खेकडे धरण्यावरचा उतारा द्यावा. पहिल्या पावसात भाताच्या बांधाला खेकडे कधी बाहेर येतात, बिळात हात कसा घालायचा, नांगी कुठून पकडायची. त्या दिवशी डहाणूच्या पाड्यावरची मुलं वर येतील आणि मुंबईची मुलं ‘कच्ची’ ठरतील. दोन्ही निकाल तितकेच खोटे.

‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हा आकडा चिंतेचा आहेच. पण आकड्याची बातमी झाली की सगळा जोर पुन्हा पहिल्या कौशल्यावर येतो: पाढे, बाराखडी, घोकंपट्टी. गुणाकारातली दुसरी संख्या कोणी विचारत नाही.

ती वाढते गप्पांनी. याला दुसरा भारदस्त शब्द शोधायची गरज नाही. मूल बोलेल, मोठं माणूस ऐकेल आणि एक वाक्य पुढं नेईल. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये लहान मुलांच्या पालकांना एवढंच शिकवलं, की चित्रांचं पुस्तक वाचताना सगळं आपणच सांगू नका. मध्ये थांबा, ‘हे काय?’ऐवजी ‘इथं काय चाललंय?’ असं विचारा, मूल दोन शब्द बोललं तर तुम्ही त्याचे चार करून परत द्या. महिनाभरात त्या मुलांच्या बोलण्यात नुसती गोष्ट ऐकणाऱ्या मुलांपेक्षा स्पष्ट फरक दिसला. याला पैसा लागत नाही. मोठ्या माणसाला वाचता यायलाही हवं असं नाही, आणि डहाणूच्या दृष्टीनं हे फार मोलाचं. निरक्षर आजी चित्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन वारलीत गोष्ट रचू शकते. ‘आता वाघ काय करल?’ असं म्हणून गप्प बसू शकते. मूल जो अंदाज बांधतं, तोच विचार. पुढचं पान उलटून तो बरोबर निघाला की चुकला हे पाहणं, हाही विचारच. पुढे विज्ञानात ज्याला गृहीतक आणि पडताळणी म्हणतात, त्याची ही लंगोटीतली आवृत्ती.

चित्र वाचणं तर वारल्यांना नवं नाही. लग्नाआधी कुडाच्या भिंतीवर गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठानं सुवासिनी चौक काढतात, मधोमध पालघट देवी. चौक ‘लिहिला’ असंही म्हणतात. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेघ एवढ्या सामग्रीत सगळं शेत, जंगल, तारप्याभोवतीचा नाच उभा राहतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस होतो, हे एकदा ठरलं की सगळ्यांनी तसं वाचायचं. चिन्ह आणि अर्थ यांचा हा करार ज्याच्या घरच्या भिंतीवर आहे, त्याला ‘क’ हे एका आवाजाचं चिन्ह आहे हे समजावणं अवघड जाऊ नये. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरची ही लिपी कागदावर आणली, जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता ती चित्रं सरकारी इमारतींच्या कुंपणांवर, चहाच्या कपांवर सगळीकडे असतात. शाळांच्या भिंतींवरही असतात, शोभेला. त्यांवर बोट ठेवून ‘ही बाई कुठं निघाली असेल?’ असं कोणी विचारताना क्वचित दिसतं.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्विया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी असाच एक धागा पकडला होता. त्यांचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३चं. रोज सकाळी त्या मुलाला विचारायच्या, तुला कुठला शब्द हवा? तो शब्द जाड कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायच्या. दुसऱ्या दिवशी मुलानं तो ओळखला तर त्याचा, नाही ओळखला तर कार्ड फेकून द्यायचं, तो त्याचा शब्द नव्हताच. मुलं ‘भूत’ आणि ‘पापा’ हे शब्द एकदा पाहून विसरत नसत. तलासरीच्या मुलांनी कुठले शब्द मागितले असते? वाघ, ताडी, तारपा, मासळी, बस, भूत. भूत तर नक्कीच. पुस्तकातल्या ‘गणपती’ आणि ‘शहामृग’च्या आधी हे यायला हरकत कसली? बोलीतला शब्द जसा आहे तसा लिहून द्यावा, प्रमाण शब्द त्याच्या शेजारी दोन दिवसांनी येऊन बसेल. बोली ही पायरी आहे म्हणतात, ते मला पुरेसं वाटत नाही. पायरी ओलांडून माणूस पुढं जातो. बोली घर आहे, तिथं परत येता आलं पाहिजे.

डहाणूत या कामाचा धागा तुटला नाही. अनुताई आणि रमेश पानसे यांनी ग्राममंगल सुरू केली, तिचं काम दाभोण आणि ऐने या डहाणूतल्याच गावांत उभं राहिलं. मुलानं ऐकून नव्हे, करून, हाताळून, एकमेकांशी बोलून शिकायचं, हा रचनावादी विचार महाराष्ट्रातल्या शिक्षकांपर्यंत पोचवण्यात पानसे यांच्या लेखनाचा वाटा मोठा आहे. जिल्ह्यातल्याच वाडा तालुक्यात सोनाळ्याहून नीलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था २००७ पासून काम करते. त्यांच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात नट मंडळी बालसाहित्यातल्या गोष्टी शाळाशाळांत जाऊन सादर करतात. आधी गोष्ट डोळ्यांसमोर घडते, मग तीच पुस्तकात भेटते. वर सांगितलेल्या गुणाकारातली समजेची बाजू आधीच भरलेली असते, मुलाला फक्त अक्षरांशी झुंजायचं उरतं.

अडचणी मात्र आजही कोसबाडसारख्याच, अक्षराच्या अलीकडच्या. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पाडे ओस पडतात. मूल जातं ते पावसाच्या तोंडाशी परत येतं, तोवर वर्ग अर्धं पुस्तक पुढं गेलेला असतो. वसईच्या विधायक संसदेनं भट्ट्यांवरच शाळा भरवल्या. मजुरांच्या तिथल्या झोपड्यांना भोंगा म्हणतात, म्हणून त्या भोंगाशाळा. कुरणशाळेची ही धाकटी बहीणच. मूल जिथं आहे तिथं शाळेनं जायचं, हे तत्त्व तेच, गुरांच्या जागी विटा.

आणि अंगणवाडी? जिथून शब्द निघाला त्या तालुक्यातही तिच्यावर इतक्या नोंदींचं ओझं आहे, की ताईचा दिवस वजनं, उंची, पोषण आहार आणि मोबाइलवर भरायच्या माहितीत संपतो. कुपोषणाचा इतिहास असलेल्या जिल्ह्यात ते काम टाळता येणारं नाही. पण बसून गोष्ट सांगायला तिला अर्धा तास उरतो का, हे विचारायची सोय कुठल्याच रकान्यात नाही. शेजारच्या भिंतीवर ‘वाचाल तर वाचाल’ हे मात्र ऑइलपेंटनं लिहिलेलं असतं. ज्याला वाचता येत नाही त्यानं ते कसं वाचावं, कोण जाणे.

तो अर्धा तास मिळालाच, तर तयारी फार लागत नाही. पावसाळ्यात एखादं मूल विचारीलच, की खेकडा तिरका का चालतो. ताईला उत्तर ठाऊक नसलं तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी एक खेकडा ताटात आणून ठेवावा, मुलांना भोवती बसवावं, आणि त्याच्या पायाचे सांधे कुठल्या बाजूला वळतात ते त्यांनाच बघू द्यावं. आपले गुडघे पुढं-मागं वाकतात, त्याचे सांधे बाजूला वळतात. हे मुलांनी सांगितलं की त्यांनी सांगितलं तसंच, त्यांच्याच बोलीत, फळ्यावर लिहावं आणि खाली ज्यानं आधी पाहिलं त्याचं नाव घालावं.